परतीचे दाणे

काका,

परवा तुमच्या उठावण्याची शोकसभा झाली. बेल्ह्याच्या जैन स्थानकात पाय ठेवायला जागा नव्हती. आणे पठारावरून माणसं जिपा भरभरून आली होती आणि त्यातली निम्मी एके काळी तुम्हाला शिव्या घालणारी होती. जो तो म्हणत होता, "शेठनी कुणाकडनं सेवा करून घेतली न्हाई. सकाळी ध्यानाला बसले, सामायिक झाली, भिंतीला टेकले आन गेले." मी बायकांच्या मागच्या रांगेत होते. शेजारची बाई हुंदके देत होती आणि मला मात्र आतून सुटल्यासारखं वाटत होतं. लाज वाटून मीही पदर डोळ्यांना लावला. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, "शैले, नाटकं नको करू."

म्हणून सरळच सांगते. तुम्ही गेलात याचं दुःख आहे, ते हळूहळू वर येईल. पण तुम्ही हृदयाच्या दुखण्यानं गेलात, यकृताच्या नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं तेव्हा माझा जीव जो भांड्यात पडला तो अजून तिथंच आहे. तुमच्या सोनोग्राफीचा कागद माझ्या पर्समध्ये आहे. यकृताला हृदयामुळं थोडी सूज, गाठ नाही, असं त्यात लिहिलंय. बारा वर्षं तुम्ही ज्या गाठीची वाट बघत होतात ती नव्हतीच. आणि ती वाट बघायला तुम्हाला लावणारी मी होते, हे त्या स्थानकात बसलेल्यांपैकी काकू सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं.

आपली ओळख चाळणीपाशी झाली. कुकडीचं पाणी येडगावला अडवलं, कालव्यांनी ते कुठल्या कुठं गेलं, पण आमच्या पठारावर काही चढलं नाही. त्यामुळं बाजरी, मटकी आणि भुईमूग एवढंच आमचं रान. अण्णा, म्हणजे माझे वडील, दर हंगामात शेंगांची पोती तुमच्या पेढीवर आणायचे आणि मी पोत्यांवर बसून यायचे. तुमच्याकडे शेंगा फोडायचं मशीन होतं. फोडलेले दाणे चाळणीवर पडायचे आणि चार बायका ते निवडायच्या. टपोरे एकीकडं, आणि काळे पडलेले, सुरकुतलेले, हिरवट बुरशी धरलेले दुसरीकडं. इतर व्यापारी हा निवडून काढलेला माल स्वतःकडंच ठेवायचे. तुम्ही तो ज्याच्या त्याच्या पिशवीत बांधून परत द्यायचात. "दुसऱ्याच्या मालातला एक दाणा माज्या घरात नको. तुमचं तुमाला." त्या पिशवीमुळं तुमचं नाव होतं. हस्तीमलशेठ दाणासुद्धा ठेवून घेत नाही, म्हणून लोक तीन गावं ओलांडून तुमच्याकडं यायचे.

त्या पिशवीला आमच्या घरात 'परतीचे दाणे' म्हणत. चांगला माल विकायचा, बियाण्याचा बाजूला काढायचा आणि वर्षभर घरात परतीचे खायचे, ही आमची रीत. आई ते चोळून चोळून धुवायची, खरपूस भाजायची आणि कडवटपणा लपावा म्हणून लसूण-मिरची दुप्पट घालायची. तेच कूट आमटीत, तेच भाजीत. आम्हा पोरांना चटणी कडू लागायची. मग अण्णा आमच्या ताटातली चटणी उचलून आपल्या भाकरीवर घ्यायचे. "कडू हाये म्हणून टाकायचं का? अन्न हाये ते." पठारावर घरोघरी हेच चालायचं. दाणे टाकून द्यावेत असं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

मी बारावीत असताना अण्णांचं पोट फुगायला लागलं. डोळे पिवळे झाले, हातापायांच्या काड्या झाल्या. दादानं त्यांना पुण्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं सांगितलं, यकृताचा कॅन्सर, फार पुढं गेलाय. दोन महिन्यांत अण्णा गेले. तुम्ही दहाव्याला आलात आणि ऊन चढेपर्यंत दादाच्या शेजारी बसलात. आईनं चहा पुढं केला तर म्हणालात, "वयनी, आज नको."

पुढं मी पुण्याला मायक्रोबायॉलॉजीला गेले. दुसऱ्या वर्षाला सरांनी एका काचेच्या बशीत शेंगदाण्यावर वाढलेली हिरवट पिवळी बुरशी दाखवली. ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष बनवते, धुऊन जात नाही, भाजून जात नाही, आणि वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कॅन्सर होऊ शकतो, असं ते म्हणाले. सगळ्या मुली वहीत लिहून घेत होत्या. मला समोर अण्णांची भाकरी दिसत होती.

त्याच आठवड्यात, बाजारच्या दिवशी, मी एसटीनं बेल्ह्याला उतरले आणि घरी न जाता तुमच्या पेढीवर आले. बाजार उठला होता, मशीनपाशी काकू तेवढ्या होत्या. तुम्ही हसून म्हणालात, "या शैलाबाई, पुण्याची हवा मानवली म्हणायची." मी पायरीवरूनच बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "काका, तुमच्या परतीच्या दाण्यांनी आमचे अण्णा गेले." आणि मग वर्गात शिकले होते ते सगळं, बुरशी, विष, यकृत, एका दमात सांगितलं. काकूंनी मशीन बंद केलं. तुम्ही वाद घातला नाहीत. मला तो हवा होता, मी तयारीनं आले होते. तुम्ही एवढंच विचारलंत, "धुतल्यानं जात न्हाई?"

"नाही."

"भाजून बी?"

"नाही."

"किती वर्सं दिले मी," तुम्ही स्वतःशीच म्हणालात आणि आत गेलात. त्या दिवशी पेढीवर परत आला नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही गोदामामागं खड्डा खणून घेतलात. त्यानंतर तुमच्या चाळणीवरून निघालेला एकही खराब दाणा कोणाच्या घरी गेला नाही. शेतकऱ्यासमोर खड्ड्यात टाकायचा, वर चुना. बुरशीतही जीव असतो हे तुम्हाला माहीत होतं, त्याचं पाप माझ्या माथी, असं काकूंना म्हणालात. आणि स्वतःसाठी तुम्ही शेंगदाण्याची 'बाधा' घेतलीत, म्हणजे जन्मभर दाणा तोंडात घालायचा नाही. दही आणि दाण्याची चटणी ही तुमची जीव की प्राण जोडी. तुमच्या धर्मात कच्च्या दह्यात कडधान्य चालत नाही पण दाण्यातून तेल निघतं म्हणून तो चालतो, हा नियम लहानपणी तुम्हीच मला मिटक्या मारत समजावला होता. ती जोडी सुटली.

सुटली ती सुटली, वर नाव गेलं. पठारावरच्या लोकांना खड्डा पटेना. "आमचा माल आमाला द्यायला काय हुतं? शेठ बदलला. रातच्याला उकरून काढून इकत आसंल." ज्या पिशवीनं नाव दिलं होतं ती बंद झाल्याबरोबर ते गेलं. जुनी गिऱ्हाइकं समोरच्या पेढीकडं वळली, तिथं परतीचे दाणे मागितले तर मिळायला लागले. तुम्ही प्रत्येकाला समजावून सांगायचात आणि प्रत्येक जण म्हणायचा, "आमच्या बापजाद्यांनी खाल्ले." एवढं होऊनही तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत की हे त्या शैलीनं माझ्या डोक्यात भरवलंय.

आणि मला ते सगळं आवडत होतं, काका. आज लपवत नाही. अण्णा कशानं गेले याला एक उत्तर होतं, उत्तराला एक तोंड होतं, आणि ते तोंड माझ्यापुढं मान खाली घालत होतं. दरवर्षी संवत्सरीला तुम्ही घरोघर क्षमा मागायला निघायचात. मी लग्न होऊन अवसरी खुर्दला आले तरी तुम्ही एसटी बदलून तिथं यायचात. दारात हात जोडून "मिच्छामि दुक्कडम" म्हणायचात आणि मी महाराणीसारखी मान हलवायचे. सासूबाई विचारायच्या, हे कोण गं एवढे मोठे गृहस्थ? मी म्हणायचे, गावाकडचे शेठ.

राग मात्र टिकला नाही, हेही खरं. तुमच्यावर राग धरणं फार कष्टाचं काम होतं. मला मंचरजवळ एका दूध शीतकेंद्राच्या लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा सगळ्यात आधी तुमचा फोन आला, एसटीडी बूथवरून, शेजारच्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "आता दुधातलं बी काय काय काढशील तू!" मग मी माहेरी जाता-येता तुमच्याकडं थांबायला लागले.

असंच एकदा पुण्याला चर्चासत्र ऐकून मी तुमच्याकडं जेवायला थांबले होते. सूर्य मावळायच्या आत तुमचं जेवण, म्हणून ऊन असतानाच पानं वाढलेली. मी उत्साहात होते. सांगितलं की दह्याताकातले काही जिवाणू प्रयोगशाळेत ते बुरशीचं विष स्वतःच्या अंगाला चिकटवून घेतात. आतड्यात तसं झालं तर विष रक्तात न जाता शौचावाटे निघून जाईल, यकृतापर्यंत पोचणारच नाही. माणसात ते कितपत होतं हे अजून नक्की नाही, पण लोक शोधतायत. तुमचा हात वाटीपाशी थांबला.

"दह्यात जीव असत्यात?"

"वाटीभर दह्यात कोट्यवधी."

"जित्ते?"

"जिवंत असतात म्हणून तर दही लागतं, काका."

तुम्ही वाटी हळूच बाजूला सरकवलीत. काकूंनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "अगं बये, चाळीस वर्सं मी ह्या मानसाला दही लावून देती. दाणे सोडवलेस, आता दही बी सोडव. मग मला बी सोडायला सांग."

चार महिने तुम्ही दह्याला शिवला नाहीत. पाणी उकळून पिणारा, जमिनीखालचा बटाटा न खाणारा माणूस, आणि मी त्याला वाटीत कोट्यवधी जीव दाखवून मोकळी झाले होते. शेवटी चातुर्मासाला तुमचे साधू, महाराजसाहेब, आले तेव्हा तुम्ही विचारलंत. ताजं, मर्यादेतलं दही चालतं, असं त्यांनी सांगितलं. तेवढ्यानं तुमचं भागलं नाही. तुम्ही मला बोलावून घेतलंत आणि उलटतपासणी सुरू केलीत.

"हे जीव पोटात जाऊन मरत्यात का?"

"काही मरतात. काही राहतात. बरेचसे दोन दिवस मुक्काम करून पुढं जातात."

"राहत्यात ते काय खात्यात?"

"आपण खातो त्यातलंच उरलंसुरलं."

"आन जाताना घरातली घाण घेऊन जात्यात म्हंतीस."

"तसं म्हणतात. अजून सिद्ध नाही."

तुम्ही मांडी सावरून बसलात. मग म्हणालात, "म्हंजी आपलं पोट धर्मशाळा हाये. मग धर्मशाळेत कुणाला नाय म्हणायचं नसतं," आणि काकूंना हाक मारून ताक आणायला सांगितलंत. काकूंनी ते माझ्यापुढं आपटलं, तुमच्यापुढं ठेवलं.

त्यानंतर तुमच्या पेढीच्या पायरीवर ताकाचा माठ आला. रोजचं ताजं, जिरं-मीठ घातलेलं, येईल त्या शेतकऱ्याला. आणि इथं आपलं भांडण जुंपलं, ते अजून मिटलेलं नाही. माझं म्हणणं असं, की ताकानं काय होतं हे पक्कं माहीत नाही, खराब दाणा न खाल्ल्यानं काय होतं हे पक्कं माहीत आहे. लोकांना ताक दाखवलंत तर लोक खड्डा विसरतील. तुम्ही म्हणायचात, "खड्डा फुडचं थांबवतो. मागं जे पोटात गेलं त्याचं काय? त्यास्नी काय द्यायचं, नुसतं भ्याव?"

आणि माझं खरं झालंच. नळवण्याचे गेणूबाबा, सत्तरीचे, दोन पेले ताक पिऊन मिशा पुसत तुमच्यापुढं उभे राहिले. "शेठ, ताक झालं. आता त्येवढे काळे दाणे बांधा. ताकानं इख मरतंय म्हणं."

मी तिथंच होते. मी तुमच्याकडं बघून हसले, कडवट. तुम्ही काळ्या दाण्यांची घमेली उचललीत, गेणूबाबांचा हात धरलात, गोदामामागं नेलंत आणि त्यांच्या देखत ती खड्ड्यात उलटी केलीत. "बाबा, ताक चुकून गेलेल्याला हाये. जाणून खाल्लेल्याला न्हाई." गेणूबाबा तणतणत गेले. पुढच्या बाजाराला मात्र परत आले, ताक प्यायला आणि शेंगा घालायलाही. हळूहळू पठारावरचे बरेच जण परतले. काही जण घरीच दाणे निवडून, खराब ते शेणाच्या उकिरड्यात पुरून यायला लागले. ते ताकासाठी आले की तुमच्यासाठी, की खड्ड्याचं पटलं म्हणून, हे मी सांगू शकत नाही. तुम्ही म्हणायचात ताकासाठी. मी म्हणायचे काहीतरीच. आता तुमच्या बाजूनं भांडायला कोणी उरलं नाही म्हणून परवापासून मीच दोन्ही बाजू लढवतेय आणि हरतेय.

आता ते सांगते जे तुम्हाला सांगायला मी सात वर्षं लावली.

गावात रक्तदान शिबिर झालं होतं. दादानं रक्त दिलं. काही दिवसांनी निरोप आला, तुमचं रक्त चालणार नाही, डॉक्टरांना भेटा. तपासणीत पांढरी कावीळ, म्हणजे हेपटायटिस बी, निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाला यकृताचा त्रास होता का? अण्णांचं सांगितलं तर म्हणाले, जुने कागद आहेत का? अण्णांची फाइल आईच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्याखाली होती. ती अण्णा गेल्यापासून कोणी उघडली नव्हती. मी उघडली. तिसऱ्याच कागदावर रक्ताचा रिपोर्ट होता आणि पांढऱ्या काविळीपुढं 'पॉझिटिव्ह' असं लिहून खाली रेघ ओढलेली. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलंही असेल. दादा त्या वेळी वीस वर्षांचा, आईला लिहिता-वाचता येत नाही, आणि मी बारावीची परीक्षा देत होते.

डॉक्टर म्हणाले, अण्णांच्या कॅन्सरचं मुख्य कारण हेच असणार. बुरशीचं विष त्यात भर घालतं, दोन्ही एकत्र आलं की धोका फार वाढतो, पण कावीळ आधीची. ती नसती तर दाण्यांनी एवढं केलं असतं का, कोणी सांगू शकणार नाही. मग आईची, माझी तपासणी झाली. आईला निघाली, मला नाही. मला आणि वहिनीला आणि पोरांना लशी टोचल्या. दादाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होते आणि आजपर्यंत स्वच्छ आहे.

म्हणजे मी ज्या दिवशी तुमच्या पायरीवर उभी राहून तुम्हाला गुन्हेगार ठरवलं, त्या दिवशी उत्तर माझ्या आईच्या पेटीत पडलेलं होतं. मी मायक्रोबायॉलॉजी शिकत होते आणि बापाची फाइल उघडली नव्हती.

हे तुम्हाला लगेच सांगायला हवं होतं. मी कितीदा तरी तेवढ्यासाठी आले आणि ताकाला जाऊन भांडं लपवत राहिले. दुधाच्या फॅटवर बोलायचं, पावसावर बोलायचं आणि उठायचं. मनाला समजवायचे की सांगितलं तर खड्डा बंद होईल, माठ बंद होईल, लोकांचं नुकसान होईल. थापा सगळ्या. तुम्ही खड्डा बंद करणारे नव्हतात हे मला ठाऊक होतं. खरं कारण एवढंच, की तुमच्यापुढं माझी मान ताठ होती आणि ती मला खाली घालायची नव्हती. त्या सात वर्षांतही तुम्ही दर संवत्सरीला अवसरीला येत राहिलात, हात जोडत राहिलात, आणि मी मान हलवत राहिले. याच्याइतकी लाजिरवाणी गोष्ट मी आयुष्यात केली नाही.

मग गेल्या महिन्यात काकूंचा मोबाइलवर फोन आला. "शैला, पायाला सूज हाये, पोट फुगलंय, जेवण जात न्हाई. पोरं दवाखान्यात चला म्हंत्यात तर ऐकत न्हाईत. म्हंत्यात अण्णाचं दुखणं मला आलं, ते फेडायचंच असतंय. तुजं ऐकतील, तू ये."

हातातली दुधाची नळी मी तशीच ठेवली. त्या दिवशी रजा टाकली, आणे गाठलं, आईच्या पेटीतून फाइल काढली आणि भर दुपारी तुमच्या घरी पोचले. तुम्ही गादीवर तक्क्याला टेकून बसला होतात. पोट खरंच अण्णांसारखं दिसत होतं. मला पाहून म्हणालात, "आलीस? बघ, देव चुकत न्हाई. ज्याचं त्याला."

मी फाइल उघडली आणि बोलत सुटले. शिबिर, दादा, कावीळ, तो कागद, सात वर्षं. मधे थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं म्हणून थांबले नाही. शेवटी म्हटलं, "माझं चुकलं, काका. फार चुकलं."

तुम्ही कागद हातात घेतलात, चष्मा लावलात. इंग्रजी तुम्हाला वाचता येत नव्हतं, तरी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलंत.

"हितं माजं नाव न्हाई?"

"नाही."

"अजिबात न्हाई?"

मला 'अजिबात नाही' म्हणायचं होतं. फार सोपं होतं. पण आणखी एक खोटं तुमच्या अंगावर घालायची माझी हिंमत झाली नाही. "थोडं असेल, काका. दाण्यांनी भर घातली असेल. किती, ते कोणालाच सांगता येणार नाही."

"थोडं."

"थोडं."

तुम्ही कागद नीट घडी करून माझ्या हातात दिलात. "थोडं आसंल तर नेता येतंय," तुम्ही म्हणालात. "समदं उचलत नव्हतं."

मग माझ्याकडं बघितलंत, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्या डोळ्यांत मला राग दिसला. "सात वर्सं, शैले?"

"सात वर्षं."

"लई कडू हायेस तू." एवढं म्हणालात आणि हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवलात. मी रडायला लागले तर दोन टपल्या मारल्यात आणि म्हणालात, "उद्या चल म्हणावं पोरास्नी. काय सोनोग्राफी का काय ती करून टाकू." काकूंनी दारातूनच हात जोडले, कोणाला ते मला कळलं नाही.

मी डोळे पुसून फाइल पिशवीत घालत होते. तुम्ही काकूंना म्हणालात, "उशी दे." त्यांनी दिली. तुम्ही कुशीवर वळलात आणि पाच मिनिटांत घोरायला लागलात. काकू तिथंच जमिनीवर बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "बारा वर्सांत ह्या मानसाचा दिसा डोळा लागला नव्हता गं. आडवं पडायचे आन छताकडं बगायचे." थोड्या वेळानं घोरणं थांबलं. त्या घाबरल्या, पुढं होऊन त्यांनी तुमच्या छातीवर हात ठेवला. तुम्ही डोळे न उघडताच म्हणालात, "हाये अजून. झोपू दे."

त्यानंतर तुम्ही एकवीस दिवस होतात. औषधांनी सूज थोडी उतरली, हृदय काही सुधारलं नाही. परवा उठावण्यानंतर मी काकूंना विचारलं, शेवटचे दिवस जड गेले का? त्या नाही म्हणाल्या. त्या एकवीस दिवसांत रोज दुपारी जेवून तुम्ही चार वाजेपर्यंत झोपत होतात, आणि चहाला हाक मारून उठवावं लागत होतं.